खाऱ्या हवेतील जुना संगणक

वर्सोव्यास राहणाऱ्या माणसाचा मेजावरचा संगणक नऊ-दहा वर्षांचा झाला, सकाळी सुरू केल्यावर चहा होऊन कप विसळून ठेवला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच राहू लागले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी पंखा फिरतो पण पडदा मात्र काळाच राहतो अशी अवस्था आली, की घरातील वडीलधाऱ्यांपासून कॉलेजात जाणाऱ्या मुलापर्यंत सर्वांचा निकाल एकच पडतो : हे यंत्र बाद झाले, आता नवे घ्यावे. हा निकाल बहुधा तपासाशिवाय दिलेला असतो. ज्या यंत्राचा सारा ऐवज पाच-सहा सुट्या भागांत सामावलेला आहे आणि ज्यातील प्रत्येक भाग वेगळा काढून पाहता, तपासता व बदलता येतो, ते सबंधच्या सबंध बडतर्फ करण्याआधी त्यातील कोणत्या भागाने काम सोडले याची चौकशी व्हावयास हवी. ही चौकशी करावयास लागणारा वेळ एका दुपारचा असतो, आणि ती केल्याने वाचणारी रक्कम मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या वाणसामानाइतकी सहज भरते.

वर्सोव्यात या तपासाचा आरंभ हवेपासून करावा लागतो. समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा त्यांचे अतिसूक्ष्म तुषार वाऱ्यावर चढतात, त्यांतील पाणी उडून जाते आणि मिठाचे कण मागे राहतात. पश्चिमेचा वारा हे कण सात बंगल्याच्या आणि यारी रोडच्या इमारतींत, कोळीवाड्यातील घरांत, आराम नगरातल्या बैठ्या घरांमधून थाटलेल्या चित्रपटवाल्यांच्या कचेऱ्यांत आणून सोडतो, आणि संगणकाचा पंखा तीच हवा दिवसभर आपल्या पेटीत ओढून घेतो. कोरड्या दिवसांत या धुळीपासून फारसा अपाय नसतो, कारण कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही. परंतु हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली, की साधे मीठ हवेतूनच पाणी शोषून विरघळू लागते. जुलैत स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचाही अंश असतो, आणि तो तर 33 टक्के आर्द्रतेलाच ओलावतो, म्हणजे मुंबईच्या हवेत तो पुरता सुकण्याची वेळ क्वचितच येते. पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे राहते तेव्हा मदरबोर्डवर बसलेल्या धुळीतून अशा रीतीने खाऱ्या पाण्याचा एक अत्यंत पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. आणि खारे पाणी हे विजेचे चांगले वाहक आहे. बोर्डवरील ज्या दोन पायांमध्ये (पिनांमध्ये) अर्ध्या मिलिमीटरचेही अंतर नाही अशा ठिकाणी हा थर पसरला आणि त्यांपैकी एकावर विद्युद्दाब असला, तर त्या पायावरील धातू हळूहळू विरघळून दुसऱ्याकडे सरकू लागते, तिचे बारीक तंतू वाढत जातात, आणि शेवटी ज्यांचा एकमेकांशी काहीही संबंध येऊ नये असे दोन पाय जोडले जातात. खाडीच्या बाजूस राहणाऱ्यांच्या वाट्याला याखेरीज आणखी एक उपद्रव येतो. चिखलातून आणि सांडपाण्यातून उठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांबे आणि चांदी काळी पाडतो, ज्याचा अनुभव त्या भागातील गृहिणींना देवघरातील चांदीच्या उपकरणांवरून पूर्वीपासूनच आहे.

यातून निघणारा एक निष्कर्ष पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. पावसाळ्यात संगणक न वापरता झाकून ठेवला तर तो सुरक्षित राहील अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि त्याप्रमाणे लोक त्यावर प्लास्टिकचे आवरण घालून चार महिने त्याला विश्रांती देतात. वस्तुतः यंत्राची खरी झीज याच काळात होते. चालू संगणकाच्या पेटीतील हवा बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी उष्ण असते, आणि हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढते. बाहेर 30 अंश सेल्सियस तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असताना तीच हवा पेटीत 40 अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे मीठ ओले होण्याच्या मर्यादेच्या पुष्कळच खाली. बंद पेटीला हा लाभ मिळत नाही. शिवाय संगणक बंद केला पण भिंतीवरील बटण चालूच ठेवले, तर मदरबोर्डवर 5 व्होल्टचा एक राखीव दाब रात्रंदिवस हजर राहतो, कारण पुढील कळ दाबताच जागे होण्यासाठी यंत्राला त्याची गरज असते. खारा ओलावा, त्यावर अखंड विद्युद्दाब, आणि पेटीत ऊब नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे गंजण्याला पाहिजे ते सर्व मिळते. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने पावसाळ्यात संगणक रोज तास-दोन तास चालवावा, काम झाल्यावर भिंतीवरील बटण बंद करावे, आणि प्लास्टिकऐवजी सुती कापडाचे आवरण घालावे. याला एक पैसाही लागत नाही.

एवढी काळजी न घेतल्याने बिघडलेले यंत्र कसे दिसते आणि कसे परत चालू लागते, हे आमच्याच भागात दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका तरुणाच्या टेबलाशी बसून मी पाहिले आहे. यंत्र कोळीवाड्यातील एका बाईंचे होते. होडीच्या डिझेलचा, बर्फाचा आणि मजुरीचा त्यांचा हिशेब त्यात होता, आणि दोन ठिकाणी ‘बोर्ड गेला’ असे ऐकून त्या तिथे आल्या होत्या. त्याने पेटीची बाजू उघडली, रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्या मागे सारून ती पट्टी बाहेर काढली, आणि दिव्याखाली तिरपी धरली. सोनेरी पायांची ओळ तिच्या मध्यापर्यंत चकचकीत होती. तेथून पुढे ती मंदावत गेली होती, आणि शेवटच्या दहा-बारा पायांच्या कडांवर हिरवट ठिपके चढले होते. “मावशी, बोर्ड मेला नाही. हे पाय बघा, हिरवे झालेत,” तो म्हणाला. “माझा हिशेब आहे ना रे त्यात?” एवढेच त्यांनी विचारले. रॅमच्या पायांवरील सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबे असते. मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून खारे पाणी तांब्यापर्यंत पोचले की त्याचे हिरवे क्षार बाहेर येतात आणि विजेची वाट अडते. पुष्कळ कारागीर अशा वेळी शाळेतले खोडरबर घेऊन पाय घासतात, आणि यंत्र तात्काळ सुरूही होते. परंतु रबर सोनेही खरवडते, त्याचे कण खोबणीत पडतात, आणि पुढच्या पावसाळ्यात गंज अधिक लवकर चढतो. या तरुणाने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पाय एका दिशेने पुसले, खोबणीत तेच द्रव्य मऊ ब्रशने फिरवले, पाच मिनिटे सुकू दिले, आणि पट्टी पुन्हा बसवून दोन्ही खिट्या ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबल्या. कळ दाबल्यावर एक आखूड शिट्टी वाजली आणि पडदा उजळला. त्या द्रव्याची एक बाटली घरातल्या यंत्राला दोन वर्षे पुरते, आणि ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीने दुकानात दाखल होणाऱ्या यंत्रांपैकी बरीचशी एवढ्या उपचाराने घरी परत जाऊ शकतात, असे त्याचे म्हणणे होते. मला त्यात अतिशयोक्ती दिसली नाही.

सफाई करताना पंखे आणि प्रोसेसरवरील थंडावक (हीटसिंक) हेही विसरू नयेत. ब्लोअरने हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण मोकळे पाते वेगाने फिरले तर त्याचे बेअरिंग बिघडते. थंडावक आणि प्रोसेसर यांच्यामधील थर्मल पेस्ट पाच-सात वर्षांत वाळून भेगाळते; मग उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपली गती कमी करतो, जी गोष्ट मालकाला ‘संगणक म्हातारा झाला’ अशी वाटते. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, की कित्येकदा उन्हाळ्यातली रखडण दूर होते.

बोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर2032 या नावाचा, 3 व्होल्टचा. वीज बंद असताना यंत्राचे घड्याळ आणि प्राथमिक नोंदी तो जपतो. तो संपला की यंत्र सुरू होताना तारीख भलत्याच वर्षावर मागे जाते, आणि त्यावरून एक विलक्षण घोटाळा उद्भवतो : बँकेचे किंवा सरकारी कामाचे संकेतस्थळ उघडावयास गेले की ते सुरक्षित नाही असा इशारा येतो, कारण त्या स्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत यंत्राच्या चुकीच्या तारखेशी जुळत नाही. लोक याला व्हायरस समजतात आणि ‘फॉरमॅट मारून’ घेतात. वर सुचविल्याप्रमाणे भिंतीवरील बटण रोज बंद करणाऱ्याचा हा सेल थोडा लवकर संपेल हे खरे, परंतु बोर्ड वाचविण्यासाठी तेवढी किंमत अगदीच अल्प आहे.

यापुढचा संशय विजेच्या पेटीवर, म्हणजे एसएमपीएसवर घ्यावा. भिंतीतील 230 व्होल्टच्या विजेतून 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे स्थिर दाब निर्माण करणे हे तिचे काम, आणि हे दाब 5 टक्क्यांहून अधिक ढळता कामा नयेत. म्हणजे 12 व्होल्टच्या पिवळ्या तारेवर मल्टिमीटरने 11.4 पेक्षा कमी दाखविले तर ती पेटी दोषी ठरते. तिच्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतात. स्थूलमानाने दर 10 अंश वाढीव तापमानामागे त्यांचे आयुष्य निम्मे होते, आणि जी पेटी पलंगाखाली किंवा भिंतीला टेकून ठेवलेली असते तिचे आयुष्य याप्रमाणे मोजावे. तिसऱ्या-चौथ्यांदा कळ दाबल्यावर यंत्र सुरू होणे, चित्रफीत सुरू करताच ते आपोआप बंद होऊन पुन्हा उठणे, ही तिच्या दुखण्याची लक्षणे आहेत. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वीज काढून घेतल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टपर्यंतचा दाब काही काळ टिकून राहू शकतो, आणि तो जीवघेणा आहे. ती दुरुस्त न करता बदलावी, आणि बदलताना सर्वांत स्वस्त पेटी घेऊ नये. या एका भागात केलेली काटकसर बोर्ड, रॅम आणि डिस्क या तिघांच्याही मुळावर येते, हे माझे ठाम मत आहे. यूपीएसमधील 12 व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होते, तीही याच वेळी तपासावी. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सबंध मुंबईची वीज सकाळी गेली, त्या दिवशी आपल्या यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली आहे याचा शोध अनेक घरांना लागला.

येथपर्यंत केवळ दुरुस्तीचा विचार झाला. यंत्र चालते पण रखडते, अशा वेळी त्यात भर कोणती घालावी हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर यंत्रालाच विचारता येते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून नेहमीचे काम सुरू करावे आणि डिस्क, मेमरी व प्रोसेसर यांपैकी कोणता रकाना 100 टक्क्यांशी अडकून राहतो ते पाहावे. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रात तो बहुधा डिस्कचा असतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे एका फेरीस सुमारे 8.3 सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेरीची वाट पाहावी लागते, आणि त्याआधी वाचक-भुजेला योग्य वर्तुळापर्यंत सरकावयास आणखी आठ-नऊ सहस्रांश सेकंद जातात. अशा रीतीने विखुरलेल्या लहान नोंदी सेकंदाला फार तर 75-80 वाचता येतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो नोंदी मागते. हा सारा व्यवहार जुन्या दफ्तरखान्यातील एकट्या कारकुनासारखा आहे, जो प्रत्येक कागदासाठी शिडी घेऊन वेगळ्या कपाटाकडे जातो. साहेब कितीही तत्पर असला तरी कचेरीची गती त्या कारकुनाच्या पायांवर ठरते. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे कोणतीही नोंद सुमारे एक दशांश सहस्रांश सेकंदात हाती येते, आणि म्हणूनच जुन्या यंत्रावर करावयाचा पहिला खर्च हा, असे मी निःसंकोचपणे सांगतो. 240 किंवा 256 जीबीची साधी साटा एसएसडी घरगुती कामास पुरते.

येथे एक शंका सुज्ञ वाचक घेतील, आणि ती रास्त आहे. 2011 पासून पुढे काही वर्षे आपल्याकडील असेंबल्ड यंत्रांत जो एच61 चिपसेटचा बोर्ड सर्रास बसविला जात असे, त्यावरील साटा जोडणीची कमाल गती सेकंदाला 300 मेगाबाइट एवढीच आहे, तर आजची एसएसडी 550 पर्यंत जाते. मग अर्धी शक्ती वायाच जाणार नाही काय? मोठी एकसंध फाइल नकलताना ती जाईल. परंतु घरगुती वापरात यंत्राला खोळंबा होतो तो लहान, विखुरलेल्या नोंदींमुळे, आणि तेथे हार्ड डिस्कशी तुलना करता एसएसडी त्या जुन्या साटावरही शंभराहून अधिक पटींनी पुढे असते. संकलनाचे काम करणाऱ्यांनी मात्र, आणि वर्सोव्यात असे पुष्कळ आहेत, ही मर्यादा ध्यानात घ्यावी. त्यांच्या फाइली मोठ्या असतात आणि त्यांना नवा बोर्डच परवडेल.

एसएसडीनंतर रॅमचा क्रमांक लागतो. 4 जीबीचे 8 करणे आजच्या ब्राउझरसाठी जवळजवळ आवश्यक झाले आहे; तथापि आधी विंडोज 32-बिट आहे की 64-बिट ते पाहावे, कारण 32-बिट विंडोजला 4 जीबीपलीकडची रॅम उपयोगात आणता येत नाही, आणि ती रक्कम बुडीत खाती जाते. रॅमच्या पिढ्या परस्परांत चालत नाहीत : डीडीआर3 पट्टीला 240 पाय आणि 1.5 व्होल्ट, डीडीआर4 ला 288 पाय आणि 1.2 व्होल्ट, व प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी, म्हणून जोर लावून बसविण्याचा प्रयत्न कोणी करू नये. प्रोसेसर बदलणे हा तिसरा आणि ऐच्छिक उपाय. एच61 च्या बोर्डवर मुळात दुसऱ्या पिढीचा आय3 असेल, तर त्याच सॉकेटमध्ये तिसऱ्या पिढीचा आय5 जुन्या बाजारातून आणून बसविता येतो, परंतु बायोस आधीच अद्ययावत करून घ्यावे लागते. प्रोसेसर बदलल्यानंतर ते करावयाचे म्हटले तर पडदाच उजळत नाही आणि मग जुना प्रोसेसर पुन्हा बसविणे भाग पडते.

हे सर्व भाग मिळण्याचे मुंबईतील ठिकाण म्हणजे लॅमिंग्टन रोड. 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव धारण करणारा हा रस्ता आता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे; एके काळी मिनर्व्हा, अप्सरा, नाझ या चित्रपटगृहांमुळे ओळखला जाणारा हा भाग पुढे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे आणि नंतर संगणकाच्या सुट्या भागांचे शहरातील मुख्य केंद्र बनला. 8 जून 2014 रोजी मेट्रो सुरू झाल्यापासून वर्सोवेकरांना तेथे जाणे सुकर झाले आहे : मेट्रोने अंधेरी, तेथून धीमी लोकल, आणि ग्रँट रोडला पूर्वेस उतरून काही मिनिटांची चाल. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. निघण्यापूर्वी बोर्डवर छापलेले त्याचे नाव आणि जुन्या रॅमवरील चिकटपट्टी यांचे फोनवर छायाचित्र घ्यावे. ‘दहा वर्षांपूर्वीचा आहे’ एवढ्या वर्णनावर दुकानदाराने दिलेला भाग बसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. निदान तीन दुकानांत भाव विचारावा. नवा भाग 18 टक्के जीएसटीसह पक्क्या बिलावरच घ्यावा आणि बिलावर त्याचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा, कारण एसएसडीची तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी त्याच्या आधारे रुजू होते. सेकंडहँड रॅम किंवा प्रोसेसरवर बहुधा केवळ ‘टेस्टिंग वॉरंटी’ मिळते, म्हणजे काही दिवसांची मुदत. तो भाग दुकानातील बोर्डवर लावून दाखविण्याची विनंती करावी, आणि प्रामाणिक दुकानदार ती आनंदाने मान्य करतो. 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले, तेव्हापासून जुन्या पट्ट्यांनाही चांगला भाव येऊ लागला आहे. त्यामुळे घरातील बंद पडलेल्या यंत्रातली रॅम भंगारात देण्यापूर्वी ती आपल्याच दुसऱ्या यंत्रास चालते का हे पाहणे अगत्याचे आहे.

ज्यांचे यंत्र नामांकित कंपनीचे, मोठ्या कचेरीतून वापरून बाहेर पडलेले आहे, त्यांना एक अडचण येईल. अशा कित्येक यंत्रांत एसएमपीएसचा आकार आणि जोडणी त्या कंपनीची स्वतःची असते. बाजारातली सर्वसामान्य पेटी त्यांत बसत नाही. असेंबल्ड यंत्राचा, ज्याला आपण इतकी वर्षे दुय्यम मानीत आलो, त्याचा खरा मोठेपणा या ठिकाणी कळतो : त्यातील प्रत्येक भाग सार्वत्रिक प्रमाणाचा असल्यामुळे तो कोणत्याही दुकानात बदलून मिळतो.

आता यंत्राच्या आत चालणाऱ्या व्यवस्थेविषयी. विंडोज 10 ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करून ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून घेण्याची सोय ठेवली गेली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो, म्हणजे ज्या यंत्रांविषयी आपण बोलत आहोत ती बहुतेक सारी या नियमाने दाराबाहेर राहतात. पुष्कळ धडधाकट यंत्रे याच एका कारणाने भंगारात चालली आहेत, याचे मला मनापासून दुःख होते. लिनक्स मिंटसारखी मोफत व्यवस्था 4 जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या यंत्रावर समाधानकारक चालते. तिच्यात इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन होते, लिबरऑफिस मराठीत वापरता येते, आणि फायरफॉक्समधून बँकेची कामेही करता येतात. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र हा बदल विचारपूर्वक करावा, कारण ती कामे विंडोजशी बांधलेली आहेत, आणि डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालते की नाही हेही आधी तपासावे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट काहीही न पुसता चालवून पाहता येते, तेव्हा छपाईयंत्र आणि स्कॅनर ओळखले जातात की नाही याची खातरजमा आधी त्याच मार्गाने करावी.

एका वर्गाला मात्र आहे ते यंत्र न बदलण्याचा सल्ला द्यावासा वाटतो, आणि तो म्हणजे लग्नपत्रिका, ग्रामदैवताच्या उत्सवाची पत्रके आणि लहान मासिके जुळविणारे आपले डीटीपीवाले. त्यांची वर्षानुवर्षांची कामे पेजमेकरमध्ये आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या साधनांतील फाँटांत साठलेली आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. तिला युनिकोड ठाऊक नाही, आणि त्या काळातील काही मराठी साधनांना संगणकाच्या पाठीमागील प्रिंटरच्या खोबणीत लावावयाचे हार्डवेअर लॉक लागत असे, जी खोबण आजच्या बहुतेक बोर्डांवर उरलेलीच नाही. असे यंत्र बदलणे म्हणजे वीस वर्षांचे दफ्तर एका दिवसात अवाचनीय करून ठेवणे होय. त्यापेक्षा त्या यंत्राची इंटरनेटची तार काढून टाकावी, त्याच जातीचा एक जुना बोर्ड आणि एक एसएमपीएस बाजारातून आणून कपाटात ठेवावा, संपूर्ण डिस्कची प्रतिमा दोन ठिकाणी जतन करावी, आणि नवे काम दुसऱ्या यंत्रावर युनिकोडमध्ये करावे.

खर्चाची मर्यादा कोठे घालावी याबद्दल माझे मत असे की सफाई, सेल, एसएसडी आणि 4 जीबी रॅम एवढे करून यंत्र समाधानकारक होत असेल तर ते जरूर करावे. परंतु बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तिन्ही एकदम बदलावयाची वेळ आली, आणि एकूण रक्कम कचेरीतून बाहेर पडलेल्या आठव्या पिढीच्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यापुढे जाऊ लागली, तर तेथे थांबावे. नवे यंत्र घेतले तरी जुन्याची पेटी, एसएमपीएस आणि पडदा बहुधा वापरता येतात. जे उरेल ते भंगारवाल्याच्या हातगाडीत न टाकता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे, आणि तारा जाळून तांबे काढण्याचा धूर आपल्याच वस्त्यांवर येतो.

जुनी हार्ड डिस्क मात्र कोणालाही देण्यापूर्वी तिच्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नोंद पाहावी. बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे शून्य असतील, तर यूएसबी पेटीत घालून ती घरातील छायाचित्रांची आणि कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी पुष्कळ वर्षे उपयोगी पडते. महिन्यातून एकदा जोडावी, नक्कल करावी, काढून कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. आकडे वाढलेले असतील तर आधी त्यातील ऐवज उतरवून घ्यावा, मग ती सबंध पुसावी, आणि तेवढे करण्याइतकाही तिच्यात जीव नसेल तर तबकडीला भोक पाडूनच ती बाहेर जाऊ द्यावी.